पुढच्या पायरीला मागचं उत्तर लागतं का? मोनॅड आणि ॲप्लिकेटिव्ह वापरायला शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन-तीन वर्षं जावास्क्रिप्ट आणि थोडं स्कालात काम केलंय, मॅप आणि फिल्टर हातात बसलेत, हॅस्केल शिकायला घेतलं आणि मोनॅडपाशी गाडी अडली. दहाएक लेख वाचून झाले, वाचताना सगळं पटतं, एडिटर उघडला की काहीच सुचत नाही. ॲप्लिकेटिव्ह नक्की कधी वापरायचं तेही कळत नाही. कॅटेगरी थिअरी ही गणिताची शाखा आधी शिकावी लागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. मी बारा-तेरा वर्षं हॅस्केल आणि स्काला लिहून पोट भरतोय आणि कॅटेगरी थिअरीचं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते कामाला लागल्यावर पाच वर्षांनी, हौस म्हणून. ‘मोनॅड म्हणजे एंडोफंक्टरांच्या कॅटेगरीतला मोनॉइड, त्यात काय एवढं’ हे वाक्य विनोद म्हणून प्रसिद्ध आहे. ते खरंही आहे, पण त्याने कोणाचा कोड कंपाइल झालेला मी पाहिला नाही.

आता मुख्य अडचण. तुम्ही मोनॅड ‘समजून’ घ्यायला बसला आहात, म्हणून अडकला आहात. २००९ मध्ये ब्रेंट यॉर्गी यांनी एक नेमकी गोष्ट दाखवून दिली होती: माणूस आठवडाभर धडपडतो, उदाहरणांवर उदाहरणं सोडवतो, मग एके दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडतो आणि नेमक्या त्या क्षणी मनात असलेली उपमा त्याला सगळ्या उजेडाचं कारण वाटते. मग तो ‘मोनॅड म्हणजे बरीटो’ असा लेख लिहितो. आपल्याकडे कोणी लिहिला असता तर पुरणपोळी म्हणाला असता, सारण आत आणि पारी बाहेर. वाचणाऱ्याला पुरणपोळी मिळते, धडपड मिळत नाही. आणि काम धडपडीने झालेलं असतं. म्हणून या उत्तरात मी मोनॅड म्हणजे काय हे सांगणार नाही. काय लिहायचं आणि कोणत्या क्रमाने, ते सांगतो.

(खालचा कोड हॅस्केलच्या वळणाचा आहे, पण सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. तो जसाच्या तसा कंपायलरला देऊ नका, आपल्या नावांनी पुन्हा लिहा. तसंही डोळ्यांनी वाचून हे येत नाही.)

पहिलं काम: मोनॅड हा शब्द न उच्चारता तोच कोड हाताने लिहा. समजा पतसंस्थेची प्रणाली आहे. कर्जदाराच्या क्रमांकावरून सभासद शोधायचा, त्याचा जामीनदार शोधायचा, जामीनदाराचा मोबाइल काढायचा. तिन्ही ठिकाणी ‘सापडलं नाही’ ही शक्यता आहे, म्हणून तिन्ही फंक्शनं मेबी परत देतात: सापडलं तर ‘जस्ट’ आणि ती व्हॅल्यू, नाहीतर ‘नथिंग’.

जामीनदाराचाफोन क्रमांक =
  केस सभासदशोध क्रमांक ऑफ
    नथिंग → नथिंग
    जस्ट स → केस जामीनदार स ऑफ
      नथिंग → नथिंग
      जस्ट ज → मोबाइल ज

जावास्क्रिप्टमधल्या ‘नल आहे का, नल आहे का’ या जिन्याला तुम्ही ओळखताच. आता यात दोनदा आलेला आकार उचलून वेगळा काढा. त्याला मी ‘पुढे’ म्हणतो:

पुढे नथिंग _ = नथिंग
पुढे (जस्ट अ) फ = फ अ

आणि मूळ फंक्शन एका ओळीत बसतं:

जामीनदाराचाफोन क्रमांक = सभासदशोध क्रमांक `पुढे` जामीनदार `पुढे` मोबाइल

थांबा आणि हे खरंच टाइप करा. नंतर मेबीच्या जागी ईदर घ्या (लेफ्टमध्ये चूक, राइटमध्ये उत्तर), म्हणजे नुसतं ‘नाही’ न म्हणता कारणही सांगता येईल. ‘पुढे’ पुन्हा लिहा:

पुढे (लेफ्ट चूक) _ = लेफ्ट चूक
पुढे (राइट अ) फ = फ अ

मग तिसरं, आणि हे सोडू नका: स्टेट, म्हणजे साठा घेऊन उत्तर आणि नवा साठा देणारं फंक्शन. एक झाड घ्या आणि त्याच्या पानांना डावीकडून उजवीकडे १, २, ३ असे क्रमांक द्या. ग्लोबल व्हेरिएबल नाही, तेव्हा ‘आतापर्यंत किती झाले’ हा आकडा प्रत्येक फंक्शनने घ्यायचा आणि उत्तरासोबत परत द्यायचा. दहा मिनिटांत तुम्ही वैतागाल, कारण आकडा एक, आकडा दोन, आकडा तीन अशी नावं द्यावी लागतात आणि कुठेतरी जुनाच आकडा पुढे जातो. तो वैताग पुरेसा झाला की हे लिहा:

पुढे पहिली फ = \साठा →
  लेट (अ, नवासाठा) = पहिली साठा
  इन फ अ नवासाठा

तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळी ‘पुढे’. तिन्हींच्या टाइप सह्या (काय घेतं आणि काय देतं याची ओळ) शेजारीशेजारी मांडा:

पुढे : मेबी अ → (अ → मेबी ब) → मेबी ब
पुढे : ईदर च अ → (अ → ईदर च ब) → ईदर च ब
पुढे : स्टेट स अ → (अ → स्टेट स ब) → स्टेट स ब

हीच ती >>= खूण, म्हणजे बाइंड. स्कालात हिचंच नाव फ्लॅटमॅप, रस्टमध्ये अँड-देन, जावा ८ च्या ऑप्शनलवरही फ्लॅटमॅपच. ‘मोनॅड’ हे या तीन ओळींतल्या सारखेपणाला दिलेलं नाव. दोन उदाहरणांवर सारखेपणा योगायोग वाटतो, तिसऱ्याला डोळे उघडतात, म्हणून स्टेट सोडू नका म्हटलं. आणि नाव शेवटी येतं. बहुतेक लेख नावापासून सुरू होतात, तिथेच घोळ होतो.

या टप्प्यावर नवीन माणूस हमखास विचारतो: ‘पण मेबीतून व्हॅल्यू बाहेर कशी काढू?’ माझ्या हाताखाली शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने हे विचारलं आहे. काढायची नसते. आत राहूनच काम करायचं आणि प्रोग्रामच्या कडेला, जिथे माणसाला उत्तर दाखवायचं आहे किंवा डेटाबेसात लिहायचं आहे, तिथे एकदाच केस लावून सोक्षमोक्ष करायचा. मध्येच बाहेर काढायचा मोह झाला तर समजा, एक तर ‘पुढे’ हवं आहे किंवा नुसता मॅप. फ साधी व्हॅल्यू देत असेल तर मॅप, फ स्वतःच मेबी देत असेल तर ‘पुढे’. आयओच्या (इनपुट-आउटपुटच्या) बाबतीत तर बाहेर काढण्याचा सरळ रस्ताच ठेवलेला नाही, आणि तो मुद्दाम ठेवलेला नाही.

डू-नोटेशन याच्यानंतर शिका, आधी नाही. ते नुसतं साखरपाणी आहे, साखळीला ओळीओळीत मांडण्याची सोय. वाचताना उलटा बाण ‘मधून’ असा वाचा: ‘न ← नावतपास’ म्हणजे ‘नावतपासमधून जे निघालं ते न’. आणि साध्या व्हॅल्यूला लेट, इफेक्टवाल्याला (मेबी, ईदर, आयओ यांत गुंडाळलेल्याला) बाण, हा फरक पहिल्या आठवड्यात दहा वेळा चुकेल. चुकू दे. कंपायलर ओरडेल तेव्हा जिथे काय लिहावं कळत नाही तिथे अंडरस्कोर ठेवून द्या, जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर सांगतो की या जागी अमुक टाइप हवा. टाइप्ड होल म्हणतात त्याला. माझं निम्मं शिक्षण त्या अंडरस्कोरने केलं.

एक जुनी खोच. नेटवर तुम्हाला असे धडे सापडतील ज्यात कोणीतरी स्वतःचा मोनॅड लिहिताना फक्त रिटर्न (साधी व्हॅल्यू आत घालणारं फंक्शन) आणि बाइंड देतो. ते आज कंपाइल होणार नाही. २०१५ मध्ये आलेल्या जीएचसी ७.१० पासून मोनॅड व्हायचं तर आधी ॲप्लिकेटिव्ह असावंच लागतं, आणि त्याच्या आधी फंक्टर, म्हणजे मॅप करता येणारं. आपलं काही चुकलं असं समजून रात्र घालवू नका, धडा जुना आहे.

हे असं उशिरा का झालं, याच्या मागे इतिहास आहे आणि तो कळला तर शिकण्याच्या क्रमाचा गोंधळ थोडा कमी होतो. इफेक्टवाली कामं मांडण्यासाठी मोनॅड वापरता येतात हे युजेनिओ मोजी यांनी १९८९ मध्ये दाखवलं. फिलिप वॉडलर यांनी १९९० च्या सुमारास ते प्रोग्रामरांच्या हातात आणलं. त्या वेळी हॅस्केलमध्ये इनपुट-आउटपुट विनंत्या आणि उत्तरांच्या यादीतून चालायचं, आणि ते लिहिणं म्हणजे शिक्षा होती. मोनॅडचं आयओ अधिकृतपणे आलं १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये. ॲप्लिकेटिव्हला वेगळं नाव आणि ओळख देणारा कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटरसन यांचा निबंध मात्र २००८ चा. म्हणजे जास्त ताकदवान गोष्ट आधी सापडली आणि साधी गोष्ट नंतर. धडे अजूनही एक तर त्या ऐतिहासिक क्रमाने शिकवतात, नाहीतर फंक्टर–ॲप्लिकेटिव्ह–मोनॅड अशा शिडीच्या क्रमाने. शिडीत ॲप्लिकेटिव्ह ही मधली पायरी होते, पटकन ओलांडून जायची. माझं मत याच्या अगदी उलट आहे: रोजच्या कामात खरी निवड ॲप्लिकेटिव्ह की मोनॅड हीच असते, आणि ती निवड न कळणं महागात पडतं.

मला पडलं होतं, तेच सांगतो. एका पतसंस्थेसाठी आम्ही सभासदांची यादी एक्सेलमधून चढवायची सोय केली होती. नाव, पॅन, पिनकोड, बँकेचा आयएफएससी. पॅन १० अक्षरांचा, त्यात आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. पिन ६ आकडी आणि पहिला आकडा शून्य नाही. आयएफएससी ११ अक्षरांचा आणि पाचवं स्थान शून्याचं. तपासण्या साध्या होत्या. मी नुकताच ईदरच्या प्रेमात पडलेलो, सगळं डू-नोटेशनमध्ये सुंदर लिहिलं. चाचण्या हिरव्या. आठवड्याने तिथल्या लिपिक बाईंचा फोन आला. ‘दादा, हे तुमचं मशिन एका वेळी एकच चूक सांगतं. ती सुधारली की दुसरी. सकाळपासून सतरा वेळा फाइल चढवली.’ यादी चारशेच्या आसपास ओळींची होती. चूक त्यांची नव्हती आणि मशिनचीही नव्हती. मी ‘पुढे’ वापरलं होतं, आणि ‘पुढे’ पहिल्या लेफ्टवर थांबतं. त्याला दुसरं काही करताच येत नाही.

का येत नाही, हे टाइपमध्येच लिहिलेलं आहे. दोन सह्या पाहा, दुसरीला मी ‘लागू’ म्हणतो, हॅस्केलमध्ये तिची खूण <*> :

पुढे : म अ → (अ → म ब) → म ब
लागू : फ (अ → ब) → फ अ → फ ब

‘पुढे’मध्ये दुसरं काम एका फंक्शनच्या पोटात आहे. त्या फंक्शनला अ दिल्याशिवाय ते काम काय आहे हेच कळत नाही. पहिली तपासणी फसली तर अ नाही, अ नाही तर दुसरी तपासणी अस्तित्वातच येत नाही, मग तिची चूक कुठून गोळा करणार? ‘लागू’मध्ये दोन्ही कामं आधीपासून टेबलावर मांडलेली आहेत. एक फसलं तरी दुसरं पाहता येतं. म्हणून व्हॅलिडेशन नावाचा टाइप असतो, दिसायला ईदरचा जुळा भाऊ, पण त्याचं ‘लागू’ असं:

लागू (चुका क) (चुका ख) = चुका (क ++ ख)
लागू (चुका क) (बरोबर _) = चुका क
लागू (बरोबर _) (चुका ख) = चुका ख
लागू (बरोबर फ) (बरोबर अ) = बरोबर (फ अ)

सगळी जादू पहिल्या ओळीत आहे. आणि वापर असा:

नोंदतपास ओळ =
  नोंद <$> नावतपास ओळ
       <*> पॅनतपास ओळ
       <*> पिनतपास ओळ
       <*> आयएफएससीतपास ओळ

‘नोंद’ हे चार आर्ग्युमेंट घेणारं साधं फंक्शन. <$> म्हणजे मॅप. मॅपने पहिलं आर्ग्युमेंट भरलं, उरलेलं फंक्शन आत अडकलं, पुढच्या प्रत्येक <*> ने एकेक आर्ग्युमेंट भरत गेलो. ‘फंक्शन डब्यात कशाला असेल?’ हा प्रश्न पुस्तकात वाचताना सगळ्यांना पडतो. उत्तर हेच: अर्धवट भरलेलं फंक्शन असतं ते.

हे लिहिल्यावर एका ओळीतल्या सगळ्या चुका मिळाल्या. चारशे ओळींचं काय? तिथे ट्रॅव्हर्स. ट्रॅव्हर्सला एक फंक्शन द्या जे एका घटकावर इफेक्टवालं काम करतं, आणि एक यादी द्या. तो सगळ्या यादीवर काम करून इफेक्ट बाहेर काढतो: यादीभर व्हॅलिडेशनांऐवजी एकच व्हॅलिडेशन, ज्याच्या आत एक तर पूर्ण यादी किंवा सगळ्या चुका. गंमत अशी की ‘ट्रॅव्हर्स नोंदतपास’ ही ओळ ईदरसोबतही हीच आणि व्हॅलिडेशनसोबतही हीच. ईदर दिला तर पहिल्या चुकीला थांबतो, व्हॅलिडेशन दिलं तर सगळ्या गोळा करतो. ओळ बदलली नाही, ॲप्लिकेटिव्ह बदलला. बाईंना त्या संध्याकाळी एकाच यादीत सगळ्या चुका मिळाल्या. मला मात्र ॲप्लिकेटिव्ह त्या फोनमुळे कळला, लेखामुळे नाही.

ट्रॅव्हर्सबद्दल अजून एक. नवीन लोक आयओमध्ये ‘मॅप प्रिंट यादी’ लिहितात आणि काही छापलं गेलं नाही म्हणून चक्रावतात. मॅपने तुम्हाला कामांची यादी दिली. किराण्याची यादी लिहिली म्हणजे किराणा घरी येत नाही, कोणीतरी दुकानात जावं लागतं. ट्रॅव्हर्स दुकानात जातो. (उत्तरं नको असतील तर त्याचा अंडरस्कोरवाला भाऊ वापरा.) रस्टमध्ये रिझल्टांच्या इटरेटरवर कलेक्ट करून एकच रिझल्ट मिळवता तेव्हाही ट्रॅव्हर्सच्याच कुळातलं काहीतरी करत असता.

मग ‘व्हॅलिडेशनला मोनॅडही करून टाकू, दोन्ही मिळेल’ असं वाटतं. मीही करून पाहिलं. नियम आडवा येतो: एखादा टाइप दोन्ही असेल तर त्याचं <*> आणि बाइंडमधून तयार केलेलं <*> यांनी सारखंच वागलं पाहिजे. व्हॅलिडेशनचं बाइंड लिहिलंत तर ते पहिल्या चुकीला थांबणार, <*> थांबणार नाही. मग कोणीतरी सहकारी डू-नोटेशनमधला कोड ‘स्वच्छ’ करून <*> मध्ये लिहितो आणि प्रोग्रामचं वागणं बदलतं. नियम पाठ करायला कंटाळवाणे वाटतात, पण त्यांचा उपयोग हा असा आहे: न घाबरता कोड हलवता यावा. म्हणून चांगल्या लायब्रऱ्या व्हॅलिडेशनला मोनॅड करत नाहीत. स्कालाच्या कॅट्स या लायब्ररीत व्हॅलिडेटेड (हेच व्हॅलिडेशन) मोनॅड नाही, त्याला अँड-देन नावाची वेगळी पद्धत आहे. शिवाय ईदरच ठेवून पार-मॅप-एन वापरलं की चुका गोळा होतात. तुम्ही स्कालात असाल तर हे पार-मॅप-एन उद्याच उपयोगी पडेल.

खऱ्या कामात दोन्ही लागतात, थराथराने. पिन वैध आहे का आणि जिल्ह्याचं नाव वैध आहे का, या दोन स्वतंत्र तपासण्या, ॲप्लिकेटिव्ह. तो पिन त्याच जिल्ह्यातला आहे का, हे विचारायला दोन्ही उत्तरं हातात हवीत, तिथे ‘पुढे’. मी आता डिझाइन करताना कागदावर तपासण्या लिहितो आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न विचारतो: हिला आधीच्या कोणाचं उत्तर लागतं का? ज्यांना लागत नाही त्या एका ओळीत <*> ने जोडायच्या, ज्यांना लागतं त्या त्यांच्या खाली. तुमच्या ‘ॲप्लिकेटिव्ह कधी’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

तुम्ही जावास्क्रिप्टमधून येता म्हणून तिकडचं सांगतो, हा प्रश्न तुम्ही नकळत रोज सोडवता. तीन विनंत्या आहेत, २००, ३०० आणि २५० मिलिसेकंदांच्या. एकाखाली एक अवेट लिहिलंत तर ७५० लागतात. प्रॉमिस-ऑल केलंत तर ३०० च्या आसपास. अवेटची साखळी म्हणजे बाइंड, प्रॉमिस-ऑल म्हणजे ॲप्लिकेटिव्ह. दुसऱ्या विनंतीला पहिलीचा आयडी हवा असेल तर साखळीला पर्याय नाही, नसेल तर तुम्ही विनाकारण वाट पाहताय. (प्रॉमिस काटेकोर अर्थाने मोनॅड नाही, कारण प्रॉमिसमधलं प्रॉमिस ते स्वतःच सपाट करून टाकतं. मुलाखतीत हे ऐकवून कोणी शहाणपणा केला तर हो म्हणा आणि पुढे जा.) फेसबुकने २०१४ मध्ये खुली केलेली हॅक्सल ही लायब्ररी याच विचारावर उभी आहे: ॲप्लिकेटिव्हने जोडलेल्या डेटा-मागण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत हे दिसतं, म्हणून त्या एकत्र गोळा करून एकाच फेरीत पाठवता येतात. प्रोग्रामरने डू लिहावं आणि कंपायलरने त्यातलं स्वतंत्र काय ते ओळखून <*> करावं, अशी सोय नंतर जीएचसी ८.० मध्ये २०१६ साली आली.

कमी ताकदीची गोष्ट वापरली की मोबदल्यात असं काहीतरी मिळतं. हॅस्केलमध्ये कमांड लाइनचे पर्याय वाचणारी एक लोकप्रिय लायब्ररी मुद्दाम ॲप्लिकेटिव्ह आहे, मोनॅड नाही. त्यामुळे प्रोग्राम न चालवताच तिला सगळे पर्याय दिसतात आणि मदतीचा मजकूर आपोआप तयार होतो. मोनॅड असती तर तिसरा पर्याय कोणता, हे दुसऱ्याची किंमत कळेपर्यंत अंधारात राहिलं असतं. आणखी एक फायदा: दोन ॲप्लिकेटिव्ह एकात एक घातले की तयार होणारी गोष्ट नेहमी ॲप्लिकेटिव्ह असते. मोनॅडांचं तसं नाही, म्हणून ते एकावर एक रचण्यासाठी मोनॅड ट्रान्सफॉर्मर नावाचं प्रकरण जन्माला आलं. ते तुम्ही पहिले दोन महिने उघडू नका. लागेल तेव्हा ईदर आणि आयओ यांच्या जोडीपासून सुरू करा, आणि चार थरांचा मनोरा दिसला की तिथून पळा.

यादीचा मोनॅड, रीडर, रायटर, कंटिन्युएशन हे सगळं ओघाने येईल. यादीचा एकदा जरूर करून पाहा, कारण तिथे <*> म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी हे पाहून मजा येते. कंटिन्युएशनचा मला आजवर कामात दोनदाच उपयोग झाला.

आता तुमच्यासाठी गृहपाठ, आणि यात दोन्ही गोष्टी एकत्र भेटतील. पार्सर लिहा, लायब्ररी न घेता. पार्सर म्हणजे स्ट्रिंग घेऊन एक तर चूक देणारं किंवा व्हॅल्यू आणि उरलेली स्ट्रिंग देणारं फंक्शन. नीट पाहिलंत तर वरचा स्टेट आणि ईदर यांचीच ही जोडी आहे, त्यामुळे ‘पुढे’ तुम्हाला स्वतःला लिहिता येईल. आधी पॅनचा पार्सर: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. यात काहीच कशावर अवलंबून नाही, पूर्ण <*> मध्ये लिहा, डू वापरायचं नाही.

मग दुकानातल्या भारत क्यूआरचा मजकूर घ्या. (साधा यूपीआयचा क्यूआर नको, तो नुसता दुवा असतो.) भारत क्यूआर ईएमव्ही या पेमेंटच्या मानकाच्या रचनेवर चालतो: दोन आकडी खूण, दोन आकडी लांबी, मग तेवढ्या लांबीचा मजकूर, आणि लगेच पुढची खूण. त्यात तुम्हाला ५३०३३५६ असा तुकडा सापडेल. ५३ ही चलनाची खूण, ०३ म्हणजे पुढची तीन अक्षरं, ३५६ हा रुपयाचा क्रमांक. इथे किती अक्षरं वाचायची हे आधी वाचलेला आकडा ठरवतो, म्हणून नुसत्या <*> ने भागणार नाही:

घटक = डू
  खूण ← अंक २
  लांबी ← अंक २
  मजकूर ← अक्षरं लांबी
  प्युअर (खूण, मजकूर)

(शेवटचं प्युअर म्हणजे साधी व्हॅल्यू आत घालणं.) तिसरी ओळ दुसऱ्या ओळीतलं नाव वापरते. पहिली-दुसरी एकमेकींना विचारत नाहीत. हा कोड चालला की खूण आणि लांबी या दोन ओळी <*> ने जोडून तिसरीच फक्त बाइंडवर ठेवून पाहा, चाचण्या तशाच हिरव्या राहतील. मग सगळे घटक हाती आल्यावर त्यांची तपासणी व्हॅलिडेशनमध्ये करा: ५३ आहे का, ५८ या देशाच्या खुणेपुढे दोन अक्षरं आहेत का, शेवटचा घटक ६३ चाच आहे का. ६३ मध्ये चार अक्षरांचा सीआरसी, म्हणजे मजकूर बिघडला नाही ना हे पाहायचा तपासणी-आकडा, असतो आणि तो आधीच्या सगळ्या मजकुरावरून काढलेला असतो, तेव्हा तो पडताळायचा तर तुमच्या पार्सरला ‘इथवर काय काय वाचलं’ हेही जपावं लागेल. ते कुठे ठेवायचं, हे लिहिताना अडलात तर कोड पाठवा, बघू.